सेकंदाला तेरा वेळा

बाटलीतल्या पाण्यावर पहिलं वर्तुळ उमटलं तेव्हा गाडीचा वेग ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर होता. सत्त्याऐंशीला वर्तुळं तीन झाली. नव्वदला ती मोजताच येईनात. पाणी नुसतं शहारत राहिलं. जुईनं आकडे वहीत लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण वहीसुद्धा हलत होती.

"आजी, एकदाच शंभरपर्यंत ने ना."

"कशाला?"

"मागच्या शनिवारी शंभरला पाणी शांत झालं होतं. खरंच होतं का ते बघायचंय."

आजीनं थकलेला सुस्कारा टाकला आणि वेग वाढवला. शंभरला पाणी खरोखरच बरंच शांत झालं. जुईनं तेही लिहिलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. वेग वाढला की हादरे वाढायला हवेत. मग नव्वदला सगळ्यात जास्त आणि शंभरला कमी, असं का?

२०४७ सालचा डिसेंबर होता. महामार्गाच्या उजव्या मार्गिकांवरून आपोआप चालणाऱ्या गाड्या एका ओळीत, एका वेगानं निघाल्या होत्या. त्यांत बसलेली माणसं झोपलेली दिसत होती. डावीकडची एकच मार्गिका हातानं चालवायच्या गाड्यांसाठी उरली होती. आजीची बावीस वर्षांची निळी गाडी त्यांपैकी एक.

आजी म्हणजे डॉ. मंदाकिनी काळसेकर. साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांची पाती का थरथरतात, हे शोधण्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. जुई शाळेसाठी साताऱ्यात आजीकडे राहायची आणि आई कोल्हापूरच्या दवाखान्यात नोकरीला होती. म्हणून दर शनिवारी आजी तिला गाडीनं कोल्हापूरला न्यायची आणि रविवारी परत आणायची.

दर शनिवारी जुईची आई दारातच आजीच्या उजव्या हाताकडे बघायची. "आई, हाताचं डॉक्टरांना विचारलंस का?"

"गाडीचा कंप आहे गं तो. दोन तास स्टिअरिंग धरलं की हातात उतरतो."

"मग गाडी तरी दाखव."

"दाखवते."

हे 'दाखवते' दोन महिने चाललं होतं. डॉक्टरांनी हातात काही काढलं, तर हातानं गाडी चालवायचा परवाना जाणार, हे तिघींनाही माहीत होतं. परवाना गेला की शनिवारही गेले, असं आजी एकदा म्हणाली होती. त्यानंतर तो विषय कुणी ताणला नाही.

आज मात्र कराडच्या अलीकडे आजीची बोटं बधिर झाली. तिनं गाडी हळू केली आणि एका जुन्या दुरुस्ती केंद्रासमोर थांबवली.

केंद्रात माणूस नव्हता. एक यंत्रमानव होता, डाव्या हाताला चिकटपट्टी गुंडाळलेला. छातीवर रंगानं 'गज्या' लिहिलेलं होतं. बोलायला त्याला इथल्या जुन्या मिस्त्रींनी शिकवलं होतं, हे त्यानं तोंड उघडताच कळलं.

"या आज्जी. काय म्हणतीय गाडी?"

"थरथरते," आजी म्हणाली आणि बाकावर बसली. "तू जुईला विचार. माझ्यापेक्षा तिनं जास्त लिहिलंय."

गज्यानं जुईची वही हातात घेतली. त्याचे दिवे दोनदा लुकलुकले. "झकास. लोक येतात आणि 'कसंतरी होतंय' एवढंच सांगतात. ब्रेक दाबल्यावर जास्त हलते?"

"नाही."

"मग ब्रेकच्या तबकड्या सोडून देऊ. मोटर बंद करून नुसती घरंगळू दिली तर?"

"तरी हलते. आजीनं एकदा उतारावर करून बघितलं."

"म्हणजे मोटरही नाही. हलतं काय, सीट की स्टिअरिंग?"

"स्टिअरिंग."

"मागच्या चाकांचा कंप सीटमध्ये येतो आणि पुढच्यांचा स्टिअरिंगमध्ये. आता एक काम कर. टायरचा घेर मोज."

जुईनं टायरभोवती दोरी गुंडाळली आणि ती मोजपट्टीवर धरली. एक मीटर नव्वद सेंटिमीटर.

"ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला किती मीटर?"

जुईनं गणित केलं. नव्वद हजार मीटर भागिले तीन हजार सहाशे. "पंचवीस."

"चाकाची एक फेरी एक मीटर नव्वदची. मग सेकंदाला फेऱ्या किती?"

"तेरा. थोड्या जास्त."

"बस. आता मोजून बघू, गाडीपण तेराच म्हणतीय का."

गज्यानं सुपारीएवढा कंपमापक (वस्तू किती आणि किती वेळा हलते ते नोंदवणारं यंत्र) स्टिअरिंगवर चिकटवला. आजी उठली. नको वाटत असतानाही ती गाडीत बसली आणि तिघं पाच किलोमीटर जाऊन परत आले. गज्याच्या हातातल्या पडद्यावर एक आलेख उमटला. बहुतेक ठिकाणी रेघ सपाट होती. तेरा या आकड्यावर मात्र उंच सुळका उभा होता.

"ही वारंवारिता (एका सेकंदात तीच हालचाल किती वेळा होते तो आकडा)," गज्या म्हणाला. "चाक तेरा फेऱ्या घेतंय आणि गाडी तेरा वेळा हलतीय. चोर सापडला."

"पण मग शंभरला कमी का होतं?"

या प्रश्नावर आजीनं पहिल्यांदा मान वर केली. "झोपाळ्याला धक्का कधी देतेस तू?"

"तो मागे येऊन पुन्हा पुढे निघाला की."

"आणि भलत्या वेळी दिलास तर?"

"झोका अडखळतो."

"प्रत्येक वस्तूला स्वतःचा हलण्याचा एक ताल असतो, झोपाळ्यासारखा. चाक जिथं जोडलेलं असतं त्या स्प्रिंगच्या जोडणीलाही असतो. या गाडीत तो सेकंदाला तेराच्या आसपास आहे. नव्वदला चाकाचे धक्के बरोबर त्याच तालात बसतात आणि छोटे धक्के साठत साठत मोठे होतात. याला अनुनाद म्हणतात (बाहेरचा धक्का आणि वस्तूचा स्वतःचा ताल जुळल्यानं वाढणारा कंप). शंभरला धक्के ताल सोडून पुढे पळतात. धक्के असतातच, पण साठत नाहीत."

जुईनं प्रश्नचिन्हावर काट मारली. "पण चाक मुळात धक्के का देतं?"

गज्यानं पुढचं डावं चाक काढून यंत्रावर चढवलं आणि फिरवलं. "एका बाजूला पस्तीस ग्रॅम कमी आहेत. चाक नवं बसवताना रिमला आतून करड्या पट्ट्या चिकटवतात, वजन सगळीकडून सारखं करायला. इथं पट्टी नाही, नुसता डाग आहे. कुणीतरी खरवडून काढलीय."

"पस्तीस ग्रॅमनं काय होतंय?" जुई म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

"उभ्या गाडीत काहीच नाही. नव्वदला तेच पस्तीस ग्रॅम चाकाला पाच किलोच्या ओझ्यासारखे बाहेर ओढतात, आणि तेही सेकंदाला तेरा वेळा. गाडी कधीपासून हलतीय?"

"दसऱ्यापासून," आजी म्हणाली.

जुईनं रिमच्या आतल्या डागावर बोट फिरवलं. दसऱ्याला गाडी तिनंच धुतली होती. पूजा व्हायची, हार घालायचा, तर चाकं आतूनही चकचकीत हवीत म्हणून ती काथ्या घेऊन रिमच्या आत शिरली होती. तिथं एक करडी, चिकट घाण होती. काथ्यानं निघेना, म्हणून स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं होतं.

"ती घाण नव्हती," ती म्हणाली. "आजी, मी काढली."

"उलथनं वाकडं झालं ते यामुळे होय," आजी म्हणाली. "आणि मी डोशाला दोष देत होते."

गज्या खरखरत हसला. हसायलाही त्याला मिस्त्रींनीच शिकवलं असावं. "तरी बरं, बाकी तीन चाकांच्या पट्ट्या शिल्लक आहेत. सगळ्या काढल्या असत्यास तर गाडी नाचत आली असती."

"हार घालायची घाई झाली होती," जुई म्हणाली, आणि तिलाही थोडं हसू आलं.

नवी पट्टी बसली. पुन्हा एकदा फेरी मारली. नव्वदला बाटलीतलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. केंद्रासमोर गाडी थांबली, मोटर बंद झाली. जुईनं गज्याकडून पडदा घेतला. तेराचा सुळका नाहीसा झाला होता.

पण रेघ पूर्ण सपाट नव्हती. पाचवर एक छोटा उंचवटा होता.

जुईनं आधीचा आलेख काढला. उंचवटा तिथंही होता. सुळक्याच्या शेजारी तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. तिनं साठच्या वेगाची नोंद बघितली. पाच. नव्वदची. पाच.

"गज्या, चाकाचा आकडा वेगाबरोबर बदलायला हवा ना?"

"हवाच."

"हा बदलत नाही." तिनं चालू नोंद बघितली. गाडी उभी होती, चाकं उभी होती, आणि उंचवटा पाचवरच होता. आजीचे हात स्टिअरिंगवर सैल ठेवलेले होते. "आजी, जरा हात काढतेस?"

आजीनं हात काढून मांडीवर ठेवले. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

"हे माझ्या कामातलं नाही," गज्या हळू आवाजात म्हणाला. "गाडी एकदम ठणठणीत आहे." मग तो हत्यारं पुसायला आत निघून गेला. पुसण्यासारखं त्यांत फारसं काही नव्हतं.

आजीचा उजवा अंगठा मांडीवर बोटांशी हलत होता.

"गणपतीत आरतीचं ताम्हन धरलं होतं," आजी म्हणाली. "ज्योत हलत होती. वारा नव्हता. तेव्हा गाडीला काही झालेलं नव्हतं."

"मग दुरुस्त का नाही केलीस गाडी? तुला तर एका तासात कळलं असतं."

"कळलं असतं, म्हणूनच. गाडी हलत होती तोवर हाताला कारण होतं. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आधी मोजा, मग बोला. स्वतःचं मोजायची वेळ आली आणि कंटाळा आला, जुई. भीतीसुद्धा वाटली. नुसता कंटाळा असता तर बरं झालं असतं."

जुईनं पडद्यावरच्या पाचवर बोट ठेवलं. "हा डॉक्टरांना उपयोगी पडेल?"

"पडेल. थरथर अनेक कारणांनी होते आणि प्रत्येकीची वारंवारिता थोडी वेगळी असते. आकडा असला की डॉक्टरांना शोध कुठून सुरू करायचा ते कळतं." आजी थांबली. तिच्या आवाजात आता थोडी जुनी धार आली. "औषधं आहेत. थरथर शांत करणारी यंत्रंही आहेत. पात्यांवर आम्ही बसवत होतो, त्याच तत्त्वावर मनगटाला बांधायची. लवकर गेलं तर पुष्कळ करता येतं."

"आणि परवाना?"

"तो डॉक्टर ठरवतील. तू कोल्हापूरला जायची थांबणार नाहीस, एवढं मी बघेन. त्या झोपाळू गाड्यांतून जाऊ दोघी."

"तुला त्या आवडत नाहीत."

"न आवडणाऱ्या पुष्कळ गोष्टींतून मी प्रवास केलाय."

उजव्या मार्गिकांवरून गाड्या एका लयीत जात होत्या. आजीनं चावी काढून दोघींच्या मधल्या खणात ठेवली. मग फोन घेतला, तो निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि जुईच्या आईला लावला.

"हॅलो. नाही, अपघात वगैरे काही नाही. गाडी बरी झालीय. कराडच्या अलीकडे थांबलोय आम्ही, तू घ्यायला ये. आणि ऐक, सोमवारची डॉक्टरांची वेळ घे. हात गाडीमुळे थरथरत नाही. मी दाखवायला येतेय."