चुलीखालची अंगठी

पहिल्याच दिवशी फर्गसनं चिखलाची बादली माझ्या बुटांवर ओतली. आणि वर म्हणतो कसा, "बाईसाहेब, नीट चाळून बघा... काही सापडलं तर निम्मं माझं!"

मेला! मी हसले, आणि तिथंच फसले.

एका रोमन किल्ल्याच्या उत्खननात तो खणायचा. मी शेडमध्ये बसून धातूच्या वस्तू साफ करायची. सुया, चमचे, बुटांचे खिळे. सैनिकांच्या खोल्यांत बायकाही राहायच्या, हा माझा हट्ट. आमचे प्रमुख तीन वर्षं हसत होते. "पुरावा आण, टिल्डा. जागेवरचा." म्हणजे मातीत जिथं आहे तिथंच मोजलेला, फोटो काढलेला. नुसती उचलून आणलेली वस्तू काय सांगणार?

हंगाम संपला, खड्डे बुजवले. त्या दुपारी फर्गस शेडमध्ये आला. कान लालेलाल.

"हात दे जरा."

"धुतलेला नाहीये."

"दे गं..."

छोटीशी पितळी अंगठी. बोटात चपखल बसली. माझा जीव सुपाएवढा झाला! मग खाचेतला काळा चिखल दिसला. आणि तो सोनेरी रंग... जुनं पितळ हिरवं पडतं. न गंजता निघतं ते फक्त आमच्या ओल्या चिखलातून.

"कुठून आणलीस?"

"बाजारातून—"

"फर्गस."

त्यानं मान खाली घातली. "सातव्या खोलीत. चुलीखाली, एका सुईशेजारी होती. प्रमुखांच्या खोक्यात जाण्याआधी तुझ्या बोटात बघायची होती गं..."

सातवी खोली सैनिकांची. तिथं बाईच्या मापाची अंगठी!

"अरे, हाच तर माझा पुरावा होता!"

"मग सांगू ना, तिथं सापडली म्हणून—"

"फोटो नाही, मोजमाप नाही. कोण ऐकणार चोराचं?"

"चोर? प्रेमापोटी केलं, टिल्डा."

"तेच तर! लोभापायी केलं असतंस, तर धड रागावता तरी आलं असतं."

मी वस्तूंच्या नोंदीची पिशवी काढली. 'जागा' समोर लिहिलं : नक्की नाही. 'कोणाला सापडली' समोर त्याचं नाव. आता त्याला इथं कुणी पुन्हा खणू देणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यानं माझा लिहिता हात धरला नाही.

अंगठी मात्र निघेना. शेवटी फर्गसनंच नळ सोडला, साबण लावला, हळूहळू फिरवत काढली. पिशवीत टाकली आणि गेला. माझं उत्तर त्यानं विचारलंच नाही.

मी हो म्हणणार होते.