रेडिएटरातलं कोमट पाणी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. हुमनाबादच्या अलीकडे हायवेच्या कडेला इरप्पाची विहीर होती. ती कोरडी आणि रिकामी आहे, असं लिहून रस्ता रुंद करताना तुम्ही ती बुजवलीत. कोरडी नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. तिचं पाणी माझ्या गाडीत वर्षानुवर्षं फिरलंय. रिकामी होती का, ते शेवटी विचारतो.

मी धनराज. चिटगुप्प्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. एक जुनी जीप आहे, एसी नसलेली. शनिवारी संध्याकाळी तिच्या इंजिनाखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवायचा आणि रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उकिडवं बसायचं, हे माझं सुख. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर स्टेअरिंगचं. पिवळट, बोटाला बुळबुळीत लागलं तर ब्रेकचं. हिरवं म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट. रंग बघायचा, बोटांत चोळायचं, वास घ्यायचा.

"माझी नाडी कधी बघितली न्हाई ह्या माणसानं," असं बायको, विजयश्री, दर रविवारी म्हणते. तिचंही ते सुखच असावं.

पूर्वी रेडिएटरात कूलंट नव्हतं, इरप्पाच्या विहिरीचं पाणी होतं. त्या पाण्यानं आत क्षार धरत नाहीत म्हणून सगळे जीपवाले तिथं थांबायचे. इरप्पा मेंढरांवाल्या घरातला. मेंढरं गेली, खांद्यावरची काळी घोंगडी राहिली. विहिरीच्या काठावरच निजायचा. बादली स्वतः शेंदायचा, आणि रेडिएटरात ओतायच्या आधी ओंजळभर पाणी पुढच्या डाव्या चाकावर टाकायचा. तहानलेल्या जनावराला आधी पाणी दाखवावं तसं. "कामून रं?" असं विचारलं की म्हणायचा, "लांबून आलंय की हो बिचारं."

विहीर बुजवली त्या सकाळपासून इरप्पा दिसला नाही. हैदराबादला गेला असेल, असं तुमच्या माणसानं त्याच्या बायकोला, म्हाळसाला सांगितलं. पोलीस ठाण्यातही तेच ऐकवलं. न सांगता नवरा हैदराबादला गेलेल्या बाईनं हातात बांगड्या ठेवायच्या का उतरवायच्या, ते कुणी सांगितलं नाही.

मग शरणप्पानं माझ्या जीपमध्ये हिरवं कूलंट भरलं. शरणप्पा म्हणजे आमचा मेकॅनिक, तोंडाचा फाटका, हाताचा चांगला.

पावसाळा संपल्यावरचा एक रविवार. पुठ्ठ्यावर ओला डाग होता, पण त्याला रंग नव्हता. बोटांत चोळलं, बुळबुळीत नाही. वास घेतला. ओल्या लोकरीचा.

पुढचं डावं चाकही ओलं होतं. ओंजळभर. बाकीची तीन कोरडी, धुळीनं भरलेली.

शरणप्पा गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन हात पुसत बसला.

"कुठंच गळंना, अण्णा. एसी न्हाई तुमच्या गाडीला, मग पाणी कुठून यायलंय? घाम यायलाय का तिला?"

"तू बघितलास का नीट?"

"बायकोपेक्षा नीट बघितलो."

रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट तोंडापर्यंत, हिरवंगार. थेंबही कमी नाही.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी हिशेबी माणूस आहे, भुताखेताचं बोलणाऱ्याला दुकानात बसू देत नाही. शेवटी एका सकाळी शरणप्पाला बोलावलं आणि म्हटलं, रेडिएटरातलं सगळंच काढून टाक.

त्यानं रेडिएटरच्या तळाचा नळ सोडला. हिरवं यायला हवं होतं. नितळ पाणी आलं.

बादली भरली. दुसरी लावली. तीही भरली. एवढं पाणी ह्या गाडीत मावतच नाही.

शरणप्पानं तिसरी लावली.

मी वरचं झाकण काढलं. आत हिरवं, तोंडापर्यंत.

तिसरी बादली भरता भरता नळातून काहीतरी आलं. काळ्या लोकरीची गुंतवळ. त्यात लाल धागा.

"नळ बंद कर," मी म्हटलं. त्यानं आधीच केला होता.

म्हाळसाला मी बोलावलं नाही. शरणप्पानं सांगितलं असेल. ती आली, गुंतवळ हातात घेतली, लाल धागा नखानं मोकळा केला.

"माझ्या लुगड्याचा हाय. घोंगडीचा कोपरा फाटलाता, मीच शिवलते."

मग तिनं बादलीत हात घातला. बराच वेळ ठेवला.

"कोमट हाय की, अण्णा."

गाडी आदल्या सांजेपासून बंद होती. मी बोनेटवर हात ठेवला. पत्रा थंडगार. मग बादलीत हात घातला. पाणी अंगाइतकं कोमट होतं.

म्हाळसा हसली. विहीर बुजवल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजी हाय त्यो. न्हाई व्हय?"

शरणप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी विजयश्रीला चहा टाकायला सांगितलं.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मी नळ सोडून तांब्याभर पाणी काढतो, ती बोटं बुडवते, विजयश्रीनं दिलेला चहा पिते आणि शेतावर मजुरीला जाते. मागच्या बाजारात तिनं नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. विजयश्रीशी तिचं चांगलं जमलंय. तिघं अंगणात बसलो की खरं सांगतो, बरं वाटतं. रविवार पूर्वीपेक्षा चांगला जातो.

तुम्हाला लिहायचं कारण आजचं आहे.

आज सकाळी चाक कोरडं होतं. तांब्यात पाणी काढलं, ते गार होतं. म्हाळसा यायच्या आत मी चुलीवरच्या पातेल्यातलं गरम पाणी त्यात मिसळलं. तिनं बोटं बुडवली आणि म्हणाली, "आज पाणी जरा जास्तच ऊन हाय की." खूश होऊन गेली.

पुढच्या रविवारी ती परत येईल, साहेब. माती लोटायच्या आधी तुमच्यापैकी कुणी त्या विहिरीत वाकून बघितलं होतं का? हो का नाही, तेवढं सांगा.