सगळ्यांनी वाचलेलं पत्र

पिनू त्या दिवशी भांडायलाच निघाली होती. तीन मजले चढून ती वर आली, तर ईमेल पुरवणाऱ्या कंपनीच्या दाराला पाटी... ‘जेवणाची सुट्टी’. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर एक तरुण मांडीवर डबा उघडून निवांत जेवत बसलेला.

“तुम्हीपण यांच्याकडेच आलात?” तिने विचारलं. त्याच्या तोंडात घास होता. त्याने मान हलवली.

“मग बसा वाट बघत! ‘तुमच्या नावाचा ईमेल, पंधरा मिनिटांत सुरू’ म्हणे. आज तिसरा दिवस आहे माझा. आमच्याकडून पाठवलेलं जातंय, पण आलेलं एक पत्र दिसेल तर शपथ! फोन केला की म्हणतात, तक्रार ऑनलाइन नोंदवा, उत्तर ईमेलने येईल. अहो, ईमेल येत नाही हीच तर तक्रार आहे!”

तो हसला. मग तिच्या काखेतली लाल मखमलीची गुंडाळी बघून म्हणाला, “हे कशासाठी? त्यांना गुंडाळायला?”

“आम्ही नाट्यगृहांचे पडदे शिवतो. मोठ्या नाट्यगृहाच्या माणसाने परवा विचारलं, हा ईमेलचा पत्ता खरंच कारखान्याचा आहे का? विचारणारच! तो मी अकरावीत असताना काढलेला. त्यात ‘नखरेल’ आहे, ‘परी’ आहे आणि पुढे तीन शून्यं आहेत. त्या पत्त्यावरून साठ फुटी पडद्याची बोलणी करायची...”

“नाव बदलावं असं काही नाही खरं तर त्यात,” तो गंभीरपणे म्हणाला.

पिनूने त्याच्याकडे रागाने बघितलं. पुढची दहा मिनिटं तिने त्या कंपनीची यथेच्छ हजेरी घेतली, आणि तो प्रत्येक मुद्द्याला “अगदी बरोबर” म्हणत जेवला. मग त्याने डबा बंद केला, खिशातून किल्ली काढली, ऑफिसचं दार उघडलं आणि म्हणाला, “या ना आत. चूक आमचीच आहे.”

पिनूचे कान लाल झाले, मखमलीहूनही लाल. पण परत फिरेल तर ती पिनू कसली? लहानपणी दातांत टाचण्या धरून कारखानाभर हिंडायची आणि कोणी कितीही दटावलं तरी तोंड उघडायची नाही, म्हणून तर हे नाव पडलं होतं. ती ताठ मानेने आत जाऊन बसली.

चूक साधी निघाली. कारखान्याच्या डोमेनचं, म्हणजे नव्या पत्त्याचं, टपाल कुठल्या सर्व्हरवर टाकायचं, ही नोंदच करायची राहिली होती. “सगळं जग तुमची पत्रं हातात घेऊन उभं आहे,” तो म्हणाला, “पण दार कोणतं, ते कोणी सांगितलंच नाही. आता सांगितलंय. उद्यापर्यंत येऊ लागतील.”

“उद्यापर्यंत का? आत्ता का नाही?”

“जगाला बातमी पोचायला वेळ लागतो हो... थोडा धीर धरा की.”

“धीर आमच्या घराण्यात नाही,” पिनू म्हणाली. “आणि पुढचं सगळं मला शिकवायचं. प्रत्येक वेळी तीन जिने चढणार नाही मी.”

“मग मी उतरत जाईन,” तो म्हणाला, आणि लगेच कीबोर्डकडे बघायला लागला.

अशा रीतीने दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता तो कारखान्यात येऊ लागला. पिनूच्या आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘सर्व्हरवाला’ ठेवून टाकलं. कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली. एका टोकाला बाबांचं टेबल, मधे आत्या आणि तिच्या हाताखालच्या बायकांची सहा मशीनं, दुसऱ्या टोकाला कटरचा कापायचा मोठा पाट, आणि सगळीकडे कापडाचा बारीक लाल, निळा, काळा कोंडा. सर्व्हरवाला परत जायचा तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर त्या त्या दिवसाच्या पडद्याचा रंग असायचा. आत्या मुद्दाम त्याला मशीनजवळची खुर्ची द्यायची.

पिनूने सगळ्यांच्या नावाने ईमेलची एकेक पेटी काढायचं ठरवलं होतं. ज्याचं काम त्याने बघायचं, त्याची पत्रं त्यानेच वाचायची. आत्याची एक, कटरची एक, मशीनवरच्या बायकांच्या सहा. चौकशीची वेगळी. पासवर्डांनी तर नाकी नऊ आणले. कटर आपला पासवर्ड विसरू नये म्हणून कापड कापता कापता मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो अख्ख्या खोलीला पाठ झाला.

“बदला तो,” सर्व्हरवाला म्हणाला. “काका, ही पेटी तुमची. ती दुसऱ्या कोणी उघडायची नाही. मीसुद्धा नाही.”

तो हे नुसतं बोलायचा नाही. पिनू पासवर्ड घालायला लागली की तो खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करायचा. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं, शेजारच्या इमारतीची भिंत आणि पन्हळीतून ठिबकणारं पाणी. तेवढ्या वेळात पिनूला त्याची मान, मानेवरचा निळा कोंडा आणि जराशी वाकडी झालेली कॉलर बघायला मिळायची. तिने आपला पासवर्ड आधी वीस अक्षरांचा केला, मग सव्वीस. खरं सांगायचं तर तिला तो माणूस आवडायला लागला होता, आणि हे तिच्याआधी तिच्या पासवर्डला कळलं होतं.

“झालं?” तो विचारायचा.

“चुकलं. परत घालते. वळू नका.”

“नाही वळत... सावकाश होऊ दे.”

आता बाबांचं सांगायला हवं. तीस वर्षं कारखान्यात आलेलं प्रत्येक टपाल त्यांनीच कात्रीने उघडलं होतं. पत्र कोणाच्याही नावाचं असो, आधी त्यांच्या टेबलावर, मग त्यावर ‘आवक’चा शिक्का, मग ज्याचं त्याला. कारण त्याआधी एकदा एक पत्र कपाटामागे पडलं आणि एका नाट्यगृहाचा अख्खा पडदा हातचा गेला होता. ते दुःख बाबांनी अजून सोडलं नव्हतं. पेट्या काढायच्या म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, “काढ. पण पत्र कोणाचंही असो, माझ्या टेबलावर आलं पाहिजे. नाहीतर आपली जुनी परी काय वाईट आहे?”

पिनूने मदतीची पानं वाचून एका दुपारी एकटीने तो नियम बसवला... येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत बाबांच्या पेटीत. तिने स्वतःच्या हिमतीवर केलेलं ते पहिलं काम. पण सर्व्हरवाल्याला तिने ते दाखवलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसणाऱ्या माणसाला हे कसं दाखवायचं? आधी पेट्या तर होऊ देत, बाबांचं नंतर बघू, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

सहाव्या आठवड्यात शिकवायचं संपलं. शुक्रवारी जाताना तो दारात जरा रेंगाळला, चपलेचा पट्टा दोनदा लावला आणि “बरं... काही अडलं तर...” म्हणून निघून गेला. पुढच्या मंगळवारचे चार वाजून गेले. पिनूने घड्याळाकडे बघितलं नाही, असं आत्याला तीनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी ती एका शाळेच्या सभागृहात पडदा टांगायला गेली होती. दुपारी परत आली तर सहाही मशीनं बंद. बायका दोरा ओवत होत्या, सहाच्या सहा जणी एकाच वेळी. कटर छताकडे बघत गुणगुणत होता. आत्याने पुढे होऊन पिनूच्या केसांतला धागा काढला आणि उगीच गालावरून हात फिरवला.

“काय झालंय?” पिनू म्हणाली.

बाबा घसा खाकरून म्हणाले, “बस. तुझं एक पत्र आलंय.”

त्यांच्या समोर एक छापील कागद होता. डावीकडे फाईलची दोन भोकं, वर ‘आवक’चा शिक्का, खालच्या एका ओळीवर लाल रेघ आणि समासात बाबांच्या अक्षरात, ‘उत्तर द्यावे’. पाठवणाऱ्याचं नाव दिसताच पिनूने झटकन कागद पालथा केला.

“कोणी कोणी वाचलं?”

“मी वाचलं. मी सगळंच वाचतो,” बाबा म्हणाले.

“आत्या?”

“अगं, प्रिंट मीच काढली ना. डोळे मिटून कशी काढू?”

“आणि काका तुम्ही?”

“मी नाही,” कटर म्हणाला. “माझा चष्मा घरी राहिला. आत्यांनी वाचून दाखवलं.”

“मोठ्याने?”

सहा जणींनी खाली बघितलं.

पिनूला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींच्या खाली एक भलतीच धडधड होती. त्याने लिहिलं होतं! कागद उलटायला बोटं शिवशिवत होती. सहा आठवडे ज्याची वाट बघितली ते तिथं होतं, हातभर अंतरावर. पण नऊ जणांच्या हातांतून फिरलेलं, शिक्का मारलेलं आपलं पहिलं पत्र आपण दहाव्या नंबरावर वाचायचं? नाही. त्या क्षणी तिचं ठरलं.

“बाबा, तो नियम मी आज काढणार आहे.”

“काढशील. मग मला कळणार कसं?”

“मला विचारा. मी सांगेन.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

“तर ते माझं असेल.”

बाबांचा चेहरा पडला. “तीस वर्षं बघितलं म्हणून एक पत्र हरवलं नाही, पिनू.”

“माहितीये. चौकशीची पेटी तुमच्याकडेच राहील, कामाचं एकही पत्र तुम्ही बघितल्यावाचून जाणार नाही. पण माणसांच्या नावाच्या पेट्या माणसांच्या. मी माझ्या हातांनी हा नियम लावला, तेव्हाच मला हे कळत होतं. तुम्हाला खूश करायला गप्प बसले. आता नाही बसणार.”

“माझ्यापण पेटीवरचा काढा, मालक,” कटर हळूच म्हणाला. “सूनबाई नातवाचे फोटो पाठवते. त्याच्या पहिल्या दाताच्या फोटोवर तुम्ही शिक्का मारलाय. बरोब्बर दातावर.”

आत्या फस्सकन हसली, आणि मग बाबांनाही ओठ आवळून धरावे लागले. बराच वेळ ते शिक्क्याचं लाकडी मुंडकं बोटांनी फिरवत राहिले. मग उठून पिनूच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“कुठे दाबायचं?”

“इथे. तुम्हीच दाबा.”

त्यांनी दाबलं. “हे पुन्हा का विचारतंय?”

“खात्री करून घेतंय, बाबा.”

“फार चिकित्सक आहे,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी ‘हो’ दाबलं. एकामागून एक सगळ्या पेट्यांवरचे नियम त्यांनी स्वतः काढले. पिनूच्या पेटीत ते पत्र न उघडलेलं, ठळक अक्षरांत बसलं होतं. विषय... ‘पडद्यांव्यतिरिक्त’. पिनूने ते तसंच ठेवलं, संगणक बंद केला आणि छत्री न घेताच निघाली.

बाहेर भुरभुर चालू होती. ती तीन जिने एका दमात चढली. तो एकटाच होता, आणि तिला बघून असा उठला की खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली.

“तुम्ही... वाचलंत?”

“नाही. मी सोडून सगळ्यांनी वाचलंय.”

त्याला कळेना. पिनूने त्याला काहीही न लपवता सांगितलं... नियम, प्रत, प्रिंट, शिक्का, लाल रेघ. “चूक माझी आहे. नियम मीच लावला आणि तुमच्यापासून लपवला. तुमचं पत्र माझ्यामुळे चव्हाट्यावर आलं. मला माफ करा.”

तो मटकन खाली बसला. “मालकांनी... रेघ मारली? कुठल्या ओळीवर?”

“मी वाचलेलंच नाही म्हणतेय ना! आणि वाचणारही नाही. मला ते तुमच्या तोंडून हवंय.”

“अहो, बोलता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं? चार दिवस लागले मला लिहायला.”

“मग बसते मी चार दिवस,” पिनू म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. तिच्या केसांतून पाणी गळून त्याच्या टेबलावर पडत होतं.

फोन वाजला. त्याने उचलला नाही. फोन वाजायचा थांबला.

“मी रोज सकाळी आल्या आल्या तुमचं डोमेन बघतो,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “काही अडलंय का, कोणाची पेटी भरलीय का, कुठलं पत्र परत आलंय का... काही म्हणजे काही बिघडलेलं नसतं. तुम्ही बिघडूच देत नाही. जी गोष्ट एका दिवसात शिकवता येते तिला मी सहा आठवडे लावले, तरी तुम्ही शिकून मोकळ्या झालात. आता यायला मला कारणच उरलं नाही.” मग त्याने वर बघितलं, सरळ तिच्या डोळ्यांत. “मला तुम्ही आवडता. फार. कारण नसताना आलो तर... चालेल?”

“नाही चालणार.”

त्याचा चेहरा उतरला.

“कारण आहे, ते सांगून यायचं,” पिनू म्हणाली. “मी आहे ना कारण. मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवशी तुझ्यावर एवढी ओरडले आणि तू जेवत राहिलास, तेव्हापासून. पाच वाजता मशीनं बंद होतात, तोवर सगळे तिथेच असतात. चल.”

“आत्ता? अगं पण... त्यांना सगळं माहीतच आहे की.”

“त्यांनी वाचलंय. सांगितलेलं नाहीये कोणी अजून. आता आपण सांगू.”

“आपण?” त्याने विचारलं.

“आपण,” पिनू म्हणाली, आणि जिन्यात धरलेला त्याचा हात तिने कारखान्यात, बाबांच्या टेबलासमोर उभी राहिली तरी सोडला नाही.