चंद्रीची शिवरात्र

चंद्री शेळी भिंतीला कपाळ टेकून लाकडासारखी उभी होती. हाक मारली तरी कान हलेना. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं लेकरू ते... घरगडी कडूबाला जनावरांच्या दवाखान्याकडं पिटाळून तारा चंद्रीच्या गळ्यात हात टाकून बसली.

"काय खाऊ घातलं हिला?"

मागच्या दारात पाय धुता धुता एक तरुण थांबला होता. डॉक्टर इतका तरणा निघेल असं ताराला वाटलं नव्हतं.

"बघता काय? धरा हिला."

त्यानं निमूट बाह्या सारल्या. चंद्रीचं पोट चाचपलं, तोंड हुंगलं – आणि गालातल्या गालात हसला.

"खरं सांगा."

"कालच्या भांगेचा चोथा. प्रसाद उकिरड्यावर टाकू नये म्हणते आई, म्हणून मीच... मरंल का हो ती?"

"न्हाई. शिवरात्र जरा जोरात केली हिनं, उतरंल. मेंदूत कुलपं असतात, भांगेची किल्ली त्यात बराबर बसते. मंग चाल, भान, भूक, सगळंच बिघडतं. हिच्यात असतात, आपल्यातही."

"देवानं भांगेसाठी कुलपं केली?"

"भांगेसाठी न्हाई. शरीर स्वतःची किल्ली घडवतं. शास्त्रज्ञांना सापडलीय, आपल्या 'आनंद' शब्दावरून नाव ठेवलंय तिला."

"कधी घडवतं?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं... आणि उत्तर विसरला.

इतक्यात ताराची आई, दुर्गाबाई, पोह्यांचं ताट घेऊन आल्या. "तारे, पाहुणे खोळंबलेत, आवर. अन् गिरिधरराव, तुम्ही इथं? तुमची आई शोधून राह्यली ना." ताट ओट्यावर ठेवून त्या लगबगीनं आत गेल्या.

तारा ताडकन उठली. "तुम्ही... दवाखान्याचे न्हाई?"

"जनावरांचा डॉक्टर आहे, परभणीला शिकलो. पण आज आल्तो तुम्हाला पाहायला."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मान खाली घालून बसल्या असत्या."

मागं ताट खणखणलं. चंद्रीचं तोंड थेट पोह्यांत!

"ही भूक बी त्याच कुलपातली," तो म्हणाला.

"आता आत काय नेऊ मी?"

"सांगा, पोहे संपले. अन् पोरगी..."

"पोरगी काय?"

"पसंत आहे. तुम्हाला हा ढोरांचा डॉक्टर चालंल का, तेवढं सांगा."

तारा खांबाला टेकून चंद्रीसारखीच उभी राहिली. पापणी हलेना.

तो हळूच म्हणाला, "तुम्ही बी चोथा खाल्ला काय?"

"न्हाई हो..." तिला कसंबसं बोलता आलं, "ही घरचीच किल्ली."