गुंडाळलेली सायकल

डोंगरउतारावरच्या सायकलींची वाट जिथे संपते, तिथल्या एका दगडावर बसून ती थर्मासमधला चहा कपात ओतत होती. धुकं असं दाट की हातातला कप सोडला तर जगात दुसरं काही आहे याची खात्री वाटू नये. तेवढ्यात वरून आधी खडखडाट आला, मग एक ठसठशीत शिवी आली, आणि शेवटी एक तरुण आला... तोही सायकलीशिवाय. सायकल मागून सावकाश घसरत आली आणि तिच्या पायाशी आडवी झाली. चहा सगळा जाकिटावर.

"लागलं का हो?" तिने विचारलं.

"मला नाही. पण ही फ्रेम ज्याने काढलीय ना, तो भेटला तर त्याला नक्की लागेल!"

"का? काय वाईट आहे तिच्यात?" तिचा आवाज जरा चढला, पण हेल्मेट कानावर असल्यामुळे त्याला कळलं नसावं.

"हा पुढच्या चाकाचा फोर्क बघा. केवढा ताठ उभा! बाजारातून भाजी आणायला ठीक आहे. उतारावर पुढचं चाक लांब पुढे पसरलेलं हवं, म्हणजे माणूस सायकलीच्या पोटात बसतो. हिच्यावर मी सगळा वेळ हँडलवरून पलीकडे जायच्या बेतात होतो. आणि आत्ता गेलोच."

"चौसष्ट अंशांचा कोन आहे तो. विचार करून ठेवलाय."

"कुणी?"

"मी."

दुसरा एखादा असता तर जीभ चावून माफी मागू लागला असता. यानं हेल्मेट काढलं, चिखलाने माखलेल्या तोंडाने हसला आणि म्हणाला, "बरं झालं, शोधायचे कष्ट वाचले. आता बासष्ट करा." वर, तिचं जाकीट पुसून द्यावं म्हणून त्यानं हातमोजा फिरवला, तर चहाच्या डागावर चिखलाचे पाच पट्टे उठले. तिला रागच यायला हवा होता. आलं हसू.

तिच्या वडिलांचा कारखाना लहानसा होता. खालच्या खोलीत बाबा नळ्या कापायचे, जोडायचे. वरच्या खोलीत ती फ्रेमची चित्रं काढायची. कोणता सांधा कुठे, मागचं चाक दगडावर चढलं की किती वर उचलायचं, आतल्या स्प्रिंगने किती दबायचं, सगळं तिचं. आणि या सगळ्यावर तिला मत विचारायला होतं कोण? बाबा. बाबांना लेकीची वाकडी रेघसुद्धा सोन्याची. "वा गं माझी वाघीण!" हे त्यांचं पहिलं मत आणि तेच शेवटचं. कौतुकानं पोट भरतं, पण सायकल सुधारत नाही, हे तिला केव्हाच कळलं होतं. तिला हवा होता एक खरं बोलणारा माणूस. बाकी काही नको होतं, असं तेव्हा तरी तिला वाटायचं.

कोन बासष्ट झाला. तिनंच त्याला बोलावून घेतलं.

कारखान्यात सायकल तपासायची एक जुनी रीत होती. फ्रेमचे सांधे आणि मागचा भाग जुन्या फडक्यांनी घट्ट गुंडाळायचा. काय बदललंय ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही. त्यानं डोंगरावरून खाली यायचं आणि उतरल्या उतरल्या, दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत, अंगाला जे जाणवलं ते बोलून टाकायचं. बाबा म्हणायचे, "आधी त्याची जीभ, मग आपले कान." तिच्या हातातल्या आकड्यांपेक्षा त्या एका वाक्याला जास्त मान असे.

आणि हा तर काय, जिभेला हाड नसलेला माणूस! बाबांनी त्याचं नावच फटकळ पाडलं.

"आज काय वाटलं?" ती विचारी.

"म्हैस. वळणावर नुसती म्हैस. मागचा भाग लांबवलात ना?"

"लांबवला. तुमची तक्रार होती म्हणून."

"मग आता माझी तक्रार आहे की तुम्ही माझं फार ऐकता."

"ऐकायची हौस नाही मला. दुसरं कुणी मिळत नाही."

"शोधलंत?"

"...नाही."

"नका शोधू," तो म्हणायचा आणि उगाचच पेडलचा चिखल खरवडत बसायचा. चिखल कधीच निघून गेलेला असायचा.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. तो तिला कोनबाई म्हणायला लागला, कारण ती जेवतानाही ताटातला चमचा किती अंशांत कलला आहे ते बघते असा त्याचा दावा होता. एकदा वाटेवर पावसाची सर आली आणि दोघं एका झाडाखाली, एकाच जाकिटाखाली उभी राहिली. त्याच्या केसांतून पाणी ओघळून तिच्या मनगटावर पडत होतं. तिनं हात काढला नाही.

"कोनबाई, एक खरं सांगू?"

"तू दुसरं काही सांगतोस कधी?"

"मला तू आवडतेस. म्हणजे... तुझ्या सायकलींपेक्षा पुष्कळच जास्त."

"सायकलींना नावं ठेवून मग हे सांगायचं?"

"नाहीतर विश्वास कसा ठेवला असतास?"

खरंच होतं ते. ज्यानं आजवर तिचं एकही चित्र फुकट वाखाणलं नव्हतं, त्यानं तिला चांगलं म्हटलं होतं. त्या दिवशी ती घरी आली ती हवेतच. बाबांनी विचारलं, "काय गं, फ्रेम पसंत पडली वाटतं?" ती म्हणाली, "हो, फ्रेमच."

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण प्रेमानं माणूस सुधारतो असं सांगणाऱ्यांनी सायकली तपासलेल्या नसतात.

पुढच्या मोसमासाठी तिनं वेगळाच घाट घातला. मागचं चाक ज्या सांध्यावर वर-खाली होतं तो मुख्य सांधा तिनं खूप वर नेला. त्यामुळे दगड आला की चाक नुसतं वर न जाता थोडं मागेही सरकायचं, आणि दगडावर आपटण्याऐवजी त्याच्यावरून वाहत गेल्यासारखं जायचं. कागदावर फ्रेम देखणी होती. एकच गोष्ट तिला खात होती. आकडे सांगत होते की मागचा ब्रेक दाबला की सस्पेन्शन, म्हणजे आतली स्प्रिंग, आखडेल, मग चाक जमीन धरून राहण्याऐवजी नाचेल. आकडे नेहमी खरे ठरतात असं नाही. म्हणून तर फटकळ होता.

ती नवी फ्रेम गुंडाळलेलीच चालवून तो खाली आला तेव्हा ती नेहमीच्या दगडाजवळ उभीच होती. डोळ्यांखाली काळं, ओठ दाताखाली. बाबाही आले होते. रीत मोडून तिनंच आधी तोंड उघडलं.

"ब्रेकला कशी आहे? ब्रेकलाच सांग आधी."

त्यानं सायकलीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

"लोणी," तो म्हणाला.

ती लहान मुलीसारखी त्याच्या गळ्यात पडली. बाबांनी तोंड फिरवून धुक्याचं कौतुक सुरू केलं. हातातल्या आकड्यांचे कागद तिनं घरी आल्यावर खणात टाकले. त्याचा शब्द असताना आकडे हवेत कशाला?

त्या फ्रेमवर शर्यतीला उतरली त्याची धाकटी बहीण. ही धाकटी म्हणजे दादाच्या पावलावर पाऊल, आणि तिला तर दादाच्या कोनबाईला वहिनी म्हणायची केव्हाचीच घाई झालेली. मधल्या दगडी उतारावर, तीव्र वळणाआधी, तिनं ब्रेक लावला, मागचं चाक थाडथाड नाचलं आणि ती सायकलीसकट खडकावर गेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात धाकटीच्या उशाशी ती बसली होती. तो औषधं आणायला खाली गेला होता.

"वहिनी, तुम्ही रडू नका ना," धाकटी म्हणाली. "चूक माझीच. दादानं बजावलं होतं, या फ्रेमवर उतारावर मागचा ब्रेक जपून लाव, आखडते म्हणून. भरात विसरले."

तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "...दादानं? कधी?"

"पहिल्यांदा चालवून आला तेव्हाच की. तुम्हाला सांगितलंच असेल."

तो आला तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती.

"तुला जाणवलं होतं," ती म्हणाली.

त्यानं औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हो."

"मग लोणी कुठलं?"

"तुझं तोंड बघितलं होतंस का तेव्हा? रात्रीचा दिवस केला होतास... मला वाटलं, आज राहू दे. दोन दिवसांनी सावकाश सांगू. मग तू गळ्यात पडलीस. मग सांगवेना."

"बहिणीला सांगवलं?"

"तिच्या जिवाचा प्रश्न होता!"

"आणि माझा कसला होता?"

तो रडला, अगदी मनापासून. पुन्हा कधी खोटं बोलणार नाही म्हणाला, तिच्या सायकलीला हवं तर जन्मभर शिव्या घालीन म्हणाला. तिला त्याचा राग होता, आणि त्याचे डोळे पुसावेसेही वाटत होते. दोन्ही एकदमच वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

धाकटी कुबड्यांवर हिंडायला लागली तोवर तिनं नवी फ्रेम उभी केली. यात मागचा ब्रेक तिनं एका वेगळ्या दांडीवर बसवला, अशा बेतानं की ब्रेकचं बळ थेट फ्रेमच्या पुढच्या भागाला जाईल, सस्पेन्शनला त्याची गंधवार्ता लागणार नाही. आकडे तिनं तीनतीनदा तपासले. बाहेरगावच्या एका अनोळखी स्वाराकडून चालवून घेतली. तोही म्हणाला, ब्रेक दाबला तरी मागचा भाग जराही आखडत नाही. मग तिनं सायकल फडक्यांनी गुंडाळली आणि त्याला बोलावलं.

तो वर गेला. ती दगडावर बसून राहिली. लग्नाचं बोलणं दोन्ही घरांत थांबलेलं होतं, तिच्या एका होकारासाठी. तिनं मनाशी ठरवलं होतं, त्यानं फक्त जे आहे ते सांगावं. चांगलं तर चांगलं. बाकी सगळं ती विसरेल.

तो आला, उतरला. तिनं मान खाली घातली, चेहरा दिसूच नये म्हणून. तरी तो वाकून तिचा चेहरा शोधायला लागला.

"बोल," ती म्हणाली.

"चांगली आहे... पण," त्यानं दम घेतला, "खरं सांगायचं तर ब्रेकला अजून आखडते गं. थोडीच. पण आखडते."

तिनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्याचा आनंद होता. "बघ, सांगितलं की नाही? तोंडावर?"

ती उठली आणि मागच्या भागाचं फडकं सोडू लागली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. ब्रेकची ती वेगळी दांडी दिसली. तो काही अडाणी नव्हता. बघताबघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला वाटलं..." तो पुटपुटला, "तुला दोष ऐकायचा असेल."

"मला तू ऐकायचा होतास."

वर डोंगरावरून कुणाची तरी सायकल खडखडत उतरत होती.

"अगं, पण माझं प्रेम तरी खरं आहे ना," तो शेवटी म्हणाला. "ते तरी खरं आहे. देवाशप्पथ."

त्याच्या तोंडून आजवर निघालेल्या सगळ्या वाक्यांत हे एक वाक्य खरं निघावं म्हणून तिनं काहीही दिलं असतं. पण ते म्हणताना तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत होता.

"असेल," ती म्हणाली, आणि सायकल ढकलत एकटीच चढ चढायला लागली.