पखवाजाचा घास

दळण घेऊन यायचं, एवढंच काम होतं. बलदाऊनं गव्हाचं ताजं पीठ उपरण्याच्या टोकाला बांधलं आणि भर दुपारी तो गुरूच्या घराकडे निघाला. चैत तापलेला. बेतवेकाठचे खडक वहाणेतूनही भाजत होते. केसरगढीच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं.

पीठ पखवाजासाठी होतं. डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. खडगजू गुरू म्हणायचे, "तो उपाशी असतो रे. आधी त्याला घास द्या, मग त्याच्याकडे बोल मागा. पण वाजवणं झालं की घास खरवडून काढा आणि नदीतल्या माशांना घाला. त्याच्या तोंडात विसरू नका. एकदा गिळायची सवय लागली की त्याची भूक भागवता येत नाही."

हे खडगजू थंडीत वारले. दरबारातली त्यांची जागा रिकामी पडली आणि दावेदार दोनच: बलदाऊ आणि त्याचा गुरुभाऊ मौजीलाल. तिथली रीत अशी, की दोघांनी गुरूच्याच पखवाजावर वाजवायचं आणि महाराजांनी निवडायचं. त्या संध्याकाळी रामनवमीची बैठक होती.

मौजी अंगणात लिंबाखाली बसून हातोडीनं वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकत होता, पखवाज सुरात आणत होता.

"या, बलदाऊ महाराज! पीठ चाळून आणलंस ना? मागं कोंड्यासकट आणलं होतंस, पखवाज दोन दिवस खोकत होता."

बलदाऊला हसू आलं नाही. "मौजी, माझं ऐक. आज तू बसू नकोस. तुला काय, मथुरेला जाशील, कुठंही पोट भरशील. मला या जागेशिवाय दुसरं काही नाही."

"जागा घे की बाबा! पण डावा हात कुठून आणशील? गुरुजी काय म्हणायचे, आठवतं? बलदाऊचा उजवा गातो आणि डावा घाटावर धोतर आपटतो." मौजी खदखदून हसला. मनात काही नव्हतं त्याच्या. हातोडी खाली ठेवून तो वादी ओढायला वाकला.

बलदाऊ काही जन्माचा खुनी नव्हता हो. पण हातोडी जवळ होती आणि मान वाकलेली होती. पहिला घाव बसल्यावर मौजीनं वळून पाहिलं, कुणी हाक मारल्यावर पाहावं तसं. त्या नजरेनं बलदाऊ बिथरला. मग तो मारतच राहिला. हाड पिचल्याचा आवाज आला, नंतर नुसता ओला आवाज येत राहिला, तरी त्याचा हात थांबेना. शेवटी हातोडीच बोटांतून निसटली.

परसामागं बेतवेचा कडा होता आणि खाली मगरी होत्या. मौजीला ओढत नेऊन त्यानं लोटून दिलं. परत येऊन लोट्यात हात बुडवून धुतले, अंगण सारवलं. तेवढ्यात दरबारचा माणूस बोलवायला आला. घाईघाईत बलदाऊनं कणीक मळली, आणि पाणी घेतलं ते त्याच लोट्यातलं.

"मौजी कुठं आहे?" महाराजांनी विचारलं.

"घाबरला असेल, सरकार," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

बलदाऊनं डाव्या हातानं पहिली थाप दिली आणि हसू जागच्या जागी विरलं. असा घुमारा केसरगढीनं कधी ऐकला नव्हता. जमिनीखालून कुणीतरी हुंकार द्यावा तसा तो आला. गवयाचा स्वर थरथरला. महाराज लोडावरून उठून बसले.

जागा मिळाली. बैठक संपल्यावर रीतीप्रमाणे कणीक काढायला बलदाऊनं पखवाज उभा केला. डाव्या तोंडावर काहीच नव्हतं. चामडं कोरडं, स्वच्छ... चाटून काढल्यासारखं.

पुढच्या बैठकीला त्यानं साध्या पाण्याची कणीक लावली. पखवाज मुका. धोतर आपटल्याचासुद्धा आवाज नाही. बलदाऊनं घामाघूम होऊन आडोशाला करंगळी कापली, कणकेत पिळली, आणि पुन्हा तो घुमारा आला.

मग काय विचारता! ग्वाल्हेर, रेवा, दरभंगा, जिथं जाईल तिथं शाली पडल्या. लोक म्हणत, बलदाऊजूंचा डावा हात म्हणजे आषाढातला मेघ. बोटांच्या चिंध्यांकडे कुणी पाहिलं नाही. काही काळानं बोटांचं रक्त पुरेना. मग कबुतरं आली. मग बकरा. घरामागं माशा घोंगावू लागल्या. शेजारी समजले, पंडितजी देवीचे मोठे भक्त आहेत.

बऱ्याच वर्षांनी त्याची बायको फुलकुंवर हिला दिवस राहिले. बलदाऊ अंगणात लहान पोरासारखा नाचला. "मुलगा होवो की मुलगी, पखवाजाला हात लावू देणार नाही," एवढंच तो म्हणायचा, आणि ती हसायची.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं बकऱ्याच्या रक्तात कणीक भिजवली आणि हात टाकून पाहिला. आवाज नाही. दुसरा बकरा कापला. नाही. उंबऱ्याबाहेर रक्ताचा ओहोळ गेला, तरी पखवाज गप्प. तेवढ्यात फुलकुंवर ताक घेऊन दारात आली... आणि पखवाज हुंकारला. कुणीही हात न लावता.

"ऐकलंत का?" ती कौतुकानं म्हणाली. "हल्ली असंच करतो हा. मी जवळून गेले की बोलतो. काल तर पोटातलं मूलही हललं, त्याच्या लयीत..."

"फुला, मागं हो."

"अहो, काय झालं?"

"मागं हो म्हणतो ना!"

ती मागं सरली. आडवा ठेवलेला पखवाज जाजमावर हळूच लोळला आणि त्याचं डावं तोंड तिच्याकडे वळलं. चामडं आत ओढलं गेलं, मग बाहेर आलं. परत आत. कच्च्या मांसाचा वास खोलीभर दाटला.

बलदाऊनं बकऱ्याची कुऱ्हाड उचलून पखवाजावर घातली. लाकडावर ओरखडासुद्धा उठला नाही. उलट एक घुमारा उठला आणि फुलकुंवर पोट धरून खाली बसली. त्यानं पुन्हा घाव घातला. ती किंचाळली.

तेव्हा त्याला कळलं, की हा मागितल्याशिवाय राहणार नाही, आणि देणारं माणूस घरात आणखी एकच आहे.

त्यानं डावा पंजा त्या चामड्यावर ठेवला. "याच्यावरच जगलास ना इतकी वर्षं?" तो दातओठ खात म्हणाला. "घे. पुरता घे. त्यांना सोड." आणि उजव्या हातानं कुऱ्हाड मनगटावर घातली. एका घावात जमलं नाही. दोन घाव लागले.

हात चामड्यावर पडला. पखवाज थरथरला, आतून काहीतरी तटकन तुटलं आणि खोड उभं चिरत गेलं. फुलकुंवरनंच मग उकळत्या तेलात बुडवून नवऱ्याचं मनगट डागलं. शेजाऱ्यांनी पखवाज हातासकट पेटवला. राख होईपर्यंत सगळे उभे होते.

बलदाऊ वाचला. दरबार सुटला, नाव गेलं. त्याची त्याला खंत नव्हती. थंडीत फुलकुंवर सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. रडला खणखणीत. बलदाऊ दाराबाहेर उकिडवा बसून डोळे पुसत होता.

सुईण रज्जोकाकी बाळाला घेऊन बाहेर आली. तिनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं नाही. उभीच राहिली.

"पोरगा गोरागोमटा आहे, दाऊ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सगळं जिथल्या तिथं आहे. पण हे बघ..."

तिनं दुपट्यातून बाळाचा डावा हात बाहेर काढला आणि मिटलेली मूठ अलगद उघडली.

तळहात कठीण होता. त्यावर जाड, पिवळे, जुनाट घट्टे होते, जन्मभर थापा मारलेल्या माणसाला पडतात तसे.