पाच माणसांचं घर

नळायिनीनं सकाळीच अंगण झाडून घेतलं. आज नवी घरं देण्यासाठी पडक्या घरांची पाहणी करायला जाफन्याहून साहेब येणार होता. लढाई संपून तीन वर्षं झाली, तरी वन्नीच्या मुलखात ती चार वर्षांच्या सुडरला घेऊन पत्र्याखालीच राहत होती. जुन्या घराच्या नुसत्या भिंती उरलेल्या. गेल्या पावसात पोरीची छाती भरली, ती अजून घुरघुरत होती. आणखी एक पावसाळा तिला झेपला नसता.

शेजारची म्हातारी पुवनम आच्ची कुंपणावरून म्हणाली, "दोनच जीव तुमचे. बस वाट बघत! मोठ्या कुटुंबांचा नंबर आधी. मेलेली माणसं धरत असते ना, तर मला राजवाडाच मिळाला असता."

साहेब भर दुपारी आला, घामानं निथळत.

"अक्का, घरात माणसं किती?"

"दोन, ऐया. मी नि ही."

"मग यंदा कठीण आहे."

नळायिनीनं सुडरला मांडीवर ओढलं. तो भिंती मोजायला मागच्या अंगाला गेला. मागं होतं काय? ताडाच्या ओंडक्यांनी झाकलेला, ढासळलेला बंकर. तोफगोळा पडला तेव्हा नवरा, सासू आणि थोरला लेक आत होते. ती तान्ह्या सुडरला घेऊन विहिरीवर. माती उकरायलासुद्धा कुणी थांबू दिलं नव्हतं. आता त्यावर गवत माजलं होतं.

बराच वेळ मागून काही चाहूल लागेना. मग ओल्या मातीचा वास आला... एवढ्या उन्हात.

साहेब परतला तो मिशा पुसतच.

"काय अक्का! लोक माणसं वाढवून सांगतात, तुम्ही कमी करून सांगता होय? मागं सावलीत तिघं बसलीत की. आजीनं पाणी पाजलं. काय गार होतं हो!"

त्याच्या हातात तांब्या होता. काठाला पोचा आलेला, चिखलानं माखलेला. सासूचा. तिच्याबरोबर मातीखाली गेलेला.

मांडीवर सुडर खोकली. खोकतच राहिली.

"लिहू का पाच?"

"लिहा," ती कशीबशी म्हणाली. "पाच..."

ज्यांच्या मरणाची कुणी साधी नोंद केली नव्हती, ती आज पहिल्यांदा सरकारी कागदावर चढली. जिवंत म्हणून.

पावसाच्या आत घर उभं राहिलं. नव्या चुलीवर दूध उतू गेलं. "नशीब काढलंस गं," म्हणत आच्चीनं डोळे पुसले.

रात्री नळायिनीनं चटई अंथरली. सुडर मात्र भिंतीला चिकटून, पाय पोटाशी घेऊन, गार फरशीवरच निजली.

"अगं, चटईवर ये. पुन्हा छाती भरेल."

"कशी येऊ, अम्मा?" पोर कुजबुजली. "जागा कुठाय... त्यांना सरकायला सांग ना."

नळायिनीनं अंधारात हात लांब करून चाचपलं. चटई रिकामी होती.

आणि मधोमध ऊबदार.